वितळलं, पाघळलं की करपलं?

मागच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा घात झाला. एका बर्नरवर डाळ-भाताचा कुकर, दुसऱ्यावर नॉनस्टिक तवा, आणि घाईघाईत कुणीतरी कणकेच्या डब्याचं पांढरं झाकण तव्याच्या कडेला टेकवून ठेवलं. (कुणीतरी म्हणजे मीच. घरात चौकशी अजून चालू आहे.) फोनवर बोलून परत येईपर्यंत झाकणाची एक बाजू लोंबून तव्यावर पसरली होती आणि विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास सुटला होता. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. लेकीनं ते सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, झाकण प्लास्टिकचं आणि तव्याची मूठही प्लास्टिकची. मूठ तर रोज गॅसजवळ असते. मग ती का नाही वितळत?"

भोसरीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये मी काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तर येत होतं. पण द्यायला लागलो तेव्हा लक्षात आलं की खरी गडबड 'वितळणं' या शब्दातच आहे. उष्णतेनं काहीही बिघडलं की आपण 'वितळलं' म्हणून मोकळे होतो. एरवी आपली भाषा याबाबत चांगलीच काटेकोर आहे. बर्फ वितळतो, तूप पाघळतं आणि थंडीत थिजतं, साखर पाण्यात विरघळते, पिठलं आळतं, पोळी करपते, कापूर उडून जातो. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे, आणि गंमत म्हणजे प्लास्टिकच्या दुनियेत या बहुतेक सगळ्यांचे भाऊबंद सापडतात. त्या दिवशी ओट्यावर तर हातभर जागेतच पाच-सहा जण हजर होते.

बर्फापासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब सोपा. पाण्याचे रेणू एका मापाचे, आणि बर्फात ते कवायतीला उभे असावेत तसे रांगेत. प्रत्येकाला धरून ठेवणारी ओढ सारखीच, म्हणून रांग मोडायची वेळही सगळ्यांची एकच: ० अंश. (इथून पुढे सगळे अंश सेल्सिअसचे.) एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला साधारण ८० कॅलरी लागतात, आणि भांड्यातला शेवटचा तुकडा संपेपर्यंत ढवळत राहिलेल्या पाण्याचं तापमान शून्यावरून हलत नाही. शुद्ध धातूही असेच शिस्तीचे. कथील २३२ अंशांना, शिसं ३२७ ला, ॲल्युमिनियम ६६० ला, चांदी ९६२ ला, सोनं १०६४ ला.

तुपाला ही शिस्त नाही. त्यात वेगवेगळ्या लांबीचे आणि आकाराचे स्निग्ध रेणू एकत्र नांदतात. काही लवकर सुटतात, काही उशिरा, म्हणून तूप आधी मऊ होतं, मग रवाळ, मग पातळ. खोबरेल तेलाचंही तेच. साधारण २४ अंशांच्या आसपास त्याचं मत बदलतं. त्यामुळे डिसेंबरात पुण्यात बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही आणि त्याच दिवशी मुंबईच्या नातेवाइकांकडे ते तेल खळाळत असतं.

आता प्लास्टिक. इथे एकेक रेणू म्हणजे लांबलचक साखळी. पॉलिथिनच्या एका साखळीत दहा हजार कार्बन अणू असणं काही विशेष नाही. ती साखळी शेवईएवढी, म्हणजे एक मिलिमीटर जाडीची करून पाहिली, तर तिची लांबी दोन-अडीच मीटर भरेल. अशा कोट्यवधी शेवया एका भांड्यात कोंबल्या की काय होणार? बराचसा गुंता. पण मधूनमधून काही शेवया शेजारी-शेजारी नीट घड्या घालून बसतात. प्लास्टिकच्या पोटात हे दोन मोहल्ले असतात, घडीचा आणि गुंत्याचा, आणि उष्णता दोघांशी वेगवेगळं वागते.

घडीचा भाग बर्फासारखा. ठरावीक तापमानाला घड्या सुटतात, आणि तोच त्या प्लास्टिकचा वितळणबिंदू. दुधाच्या पिशवीतलं पातळ पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास, कडक पॉलिथिन १३० च्या आसपास, डब्यांचं आणि खुर्च्यांचं पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५, नायलॉन-६ हे २२० ला. शेव-फरसाणाच्या पुडीवर हॅकसॉ ब्लेड धरून मेणबत्तीनं कड चिकटवणारा दुकानदार याच घड्या सोडवतो आणि दोन्ही थरांच्या शेवया एकमेकींत गुंतवून टाकतो.

गुंत्याचा भाग समजायला मात्र बर्फ उपयोगाचा नाही. त्यासाठी चिक्की घ्यावी लागते.

गुळाचा पक्का पाक, पाण्यात टाकलेला थेंब कटकन मोडतो असा, साधारण १५० अंशांपर्यंत गेलेला असतो. तो दाण्यांवर ओतून लाटला की झरझर निवतो. इतका झरझर, की साखरेच्या रेणूंना रांगेत उभं राहायला सवडच मिळत नाही. जो जिथे होता तिथेच अडकतो, भरलेल्या लोकलमध्ये विरारपर्यंत एका पायावर उभं राहावं तसा. रचना पातळ पाकाचीच, फक्त हालचाल बंद. अशा पदार्थाला शास्त्रात काच म्हणतात. खिडकीची काचही अशीच थिजलेली असते, आणि तिला नेमका वितळणबिंदू नसतो. तापवत गेलं की ती हळूहळू मऊ पडत जाते. तेव्हा लोणावळ्याहून आणलेली चिक्की म्हणजे, शब्दशः, दाणे भरलेली काच.

प्रत्येक गुंत्याला असं एक तापमान असतं. त्याच्या खाली तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ, वर रबरासारखा लवचीक. पुस्तकात याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. आपण 'मऊ पडायचं तापमान' म्हणू. कंपास पेटीतली पारदर्शक कडक पट्टी बहुतेकदा पॉलिस्टायरिनची किंवा ॲक्रिलिकची असते. या दोघांत घड्या नाहीतच, नुसता गुंता. त्यामुळे त्यांना वितळणबिंदूच नाही. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, ॲक्रिलिक १०५ च्या, आणि स्विचबोर्ड किंवा हेल्मेटच्या काचेचं पॉलिकार्बोनेट जवळजवळ १५० ला. मऊ पडल्यावर पातळ व्हायला आणखी बरंच तापवावं लागतं, पण वस्तू म्हणून तिचं काम मऊ पडलं त्याच क्षणी संपलेलं असतं.

घरबसल्या ओळखायची एक खूण सांगतो. प्लास्टिक दुधी दिसत असेल तर बहुधा आत घड्या आहेत, कारण त्या बारीक घड्यांवर प्रकाश विखुरतो. काचेसारखं आरपार असेल तर बहुधा नुसता गुंता. 'बहुधा' म्हटलं, कारण सगळ्यात ओळखीची वस्तू या नियमाला फसवते. तिच्याकडे येतोच.

त्याआधी चिक्कीचा एक अवगुण. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की ती चिवट होते, बोटांना चिकटते. तापमान तर उलट कमी झालेलं असतं. मग? हवेतलं पाणी साखरेच्या रेणूंमध्ये शिरतं, त्यांना एकमेकांपासून जरा सुटं करतं, आणि मऊ पडायचं तापमान खोलीच्या तापमानाखाली उतरतं. चिक्की 'वितळली' असं आपण म्हणतो, पण उष्णता कुठे आली यात?

हीच युक्ती प्लास्टिकवाले मुद्दाम करतात. गच्चीवरचा पीव्हीसीचा पाइप आणि रिक्षाच्या सीटचं रेक्झिन हे मुळात एकच प्लास्टिक. नुसतं पीव्हीसी ८० अंशांपर्यंत टणक असतं. त्यात तेलासारखे द्रव भरपूर मिसळले की ते शून्याखालीही मऊ राहतं. वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या सीटमधून ते द्रव निघून जातात, आणि रेक्झिन पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येऊन तडकतं.

आता ती फसवी वस्तू, पाण्याची बाटली. ही पेट नावाच्या प्लास्टिकची, वितळणबिंदू २५० ते २६० अंश. म्हणजे उकळत्या पाण्यानं तिला काहीच व्हायला नको. प्रत्यक्षात गरम पाणी ओतलं की बिचारी आक्रसते, वाकडी होते, बुटकी होते. कारण २५० हा आकडा घड्यांचा आहे. तिचा गुंता ७०-८० अंशांनाच सुटतो. कुठल्याही प्लास्टिकबद्दल 'किती अंशांना वितळतं' विचारण्याआधी 'किती अंशांना मऊ पडतं' हे विचारायला हवं, असं मी लेकीला सांगितलं, आणि दुकानात हे कुणीच विचारत नाही याचं मला आजही नवल वाटतं.

पण ती नुसती मऊ का पडत नाही, आखडते का? बाटली जन्माला येते ती जाड काचनळीएवढ्या तुकड्याच्या रूपात. त्याला प्रीफॉर्म म्हणतात. गळ्याचे आटे तेवढे तयार असतात. प्रीफॉर्म साधारण १०० अंशांपर्यंत तापवतात, आत सळई घालून लांबीला ताणतात, हवा भरून फुग्यासारखा फुगवतात आणि थंड साच्याला टेकवून लगेच निववतात. साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच अडकतात. ताणामुळे ज्या घड्या पडतात त्या इतक्या बारीक असतात की प्रकाशाला अडवत नाहीत, म्हणून बाटली घड्या असूनही पारदर्शक. पुढे कधीतरी गरम पाणी आत येतं, साखळ्या मोकळ्या होतात आणि ताणलेलं रबर सुटावं तशा मागे धावतात. आक्रसलेली बाटली म्हणजे पुन्हा प्रीफॉर्म व्हायला निघालेली बाटली. फळांचा रस गरमच भरतात त्या काही बाटल्यांचा गळा पांढरा दिसतो. तो रंग नव्हे. गळा मुद्दाम तापवून तिथे मोठ्या घड्या पडू दिलेल्या असतात, म्हणजे झाकणाची जागा वाकडी होत नाही.

टेरीकॉटच्या पँटची धार दिवसभर टिकायची त्यामागेही हेच पेट, कापडात त्यालाच पॉलिएस्टर म्हणतात. मऊ पडायच्या तापमानाच्या वर नेऊन दाबायचं, निववायचं, धार कायम. सुती धोतराची इस्त्री मात्र बसल्या जागी मोडते.

सुताचा विषय निघालाच आहे तर तोही. कापूस, कागद, लाकूड हे सगळं सेल्युलोज. त्याही साखळ्याच, पण एकमेकींना इतक्या ठिकाणी धरून असतात की त्या सुटायच्या आधी साखळीच तुटते. कापूस वितळत नाही. करपतो, जळतो आणि भुरभुरीत राख होते. रेशीमही वितळत नाही, केस जळल्यासारखा वास देतं आणि बोटांत चुरडणारा काळा कोळसा सोडतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनवतात. पैठणीचा धागा खरा आहे का हे पाहायला जुन्या बायका काठाचा एक तंतू पणतीवर धरायच्या, तो हा प्रयोग. स्वयंपाक करताना सुती कपडे घालावेत हा आजीचा आग्रहही इथूनच येतो: पेटलेलं सूत झटकता येतं, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून बसतं.

आणि आता लेकीच्या प्रश्नातली मूठ. तिच्या घराण्यासाठी उदाहरण एकच, खरवस. चिकाचं दूध तापवलं की पातळ होत नाही, उलट घट्ट बसतं. त्यातली प्रथिनं उष्णतेनं उलगडतात आणि एकमेकांत कायमची अडकून जाळं करतात. बसलेला खरवस पुन्हा कितीही तापवा, त्याचं दूध होत नाही. खाली लागेल, करपेल, पण पातळ होणार नाही.

लिओ बेकलंड या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९०७ साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचा असा खरवस बसवला. तोच बेकेलाइट. जुन्या घरांतली काळी गोल बटणं, कुकरचे दांडे, तव्याची मूठ, सगळं याच कुळातलं. साच्यात दाबून तापवताना त्याच्या साखळ्यांमध्ये आडवे-उभे पक्के रासायनिक बंध पडतात, आणि शेवटी अख्खी मूठ म्हणजे जवळजवळ एकच महाकाय रेणू होते. त्यात सुटी साखळीच उरत नाही, मग सरकणार कोण? जास्तच तापली तर ती करपते, तडा जातो, उग्र वास येतो. मूठ वितळलेली कुणी पाहिली नसेल. जळकी मूठ मात्र घरोघरी असते. मेलामाइनच्या ताटल्या आणि दोन रंगांचे गोळे मळून नळाला लावायचं इपॉक्सी हेही खरवसच. भंगारवाला या वस्तू घेताना नाक मुरडतो ते त्यामुळे. त्या वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा करता येत नाही.

कुकरची रिंग या दोन्हींच्या अध्येमध्ये बसते. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून ते तापवायची युक्ती सापडली, आणि साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल पडले. पूल भरपूर असते तर बेकेलाइटसारखा दगड झाला असता. ते विरळ ठेवले म्हणून ताणता येतं, पण पाघळत नाही. रिंग वितळून खराब होत नसते. रोजच्या १२० अंशांच्या वाफेत हळूहळू नवे बंध पडत जातात, जुने तुटतात, आणि एक दिवस ती कडक होऊन शिट्टीऐवजी कडेनंच वाफ सोडते.

रबराचा मऊपणा थंडीत कसा हरवतो याची किंमत २८ जानेवारी १९८६ रोजी सात अंतराळवीरांनी मोजली. चॅलेंजर यानाच्या बूस्टरमधले सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले होते. त्या सकाळी फ्लोरिडात तापमान २ अंशांच्या आसपास होतं. कडी पुरेशा चपळाईनं फुगून फट भरू शकली नाहीत. चौकशी समितीसमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवलं की तो लगेच पूर्वीच्या आकाराला येत नाही. तिथे वितळणं-बिळणं काही नव्हतं, खाली उतरलेलं तापमान होतं.

मोल्डिंगमध्ये असताना मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती पीव्हीसीची. बाकीच्या प्लास्टिकचे दाणे हॉपरमध्ये (मशीनवरच्या नरसाळ्यात) टाकायचे, बॅरल म्हणजे खालची जाड नळी तापवायची, स्क्रू फिरवायचा, माल साच्यात. पॉलिप्रॉपिलीन बॅरलमध्ये थोडं जास्त वेळ राहिलं तरी फार बिघडत नाही. पीव्हीसीचा स्वभाव वेगळा. ते नीट पातळ व्हायच्या आधीच मोडायला लागतं, म्हणून त्यात स्थिर ठेवणारी रसायनं मिसळावीच लागतात. मोडताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तोच वायू मोडण्याचा वेग आणखी वाढवतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं आणि बॅरल रिकामा करायचं राहिलं. परत आलो तेव्हा नोझलमधून आधी पिवळा, मग चहासारखा, मग काळा माल येत होता आणि डोळ्यांतून पाणी. ओलावा लागला की त्या वायूचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं; साच्याच्या पॉलिश केलेल्या पोलादावर दुसऱ्याच दिवशी गंज दिसला. तेव्हापासून सुट्टीची घंटा वाजली की आधी पॉलिथिन टाकून बॅरल धुवायचा, मग डबा उघडायचा.

म्हणूनच प्लास्टिक घातलेल्या डांबरी रस्त्यांत पीव्हीसीला मज्जाव आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन (२०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली) यांची पद्धत साधी आहे. खडी साधारण १६०-१७० अंशांना तापवायची आणि तिच्यावर प्लास्टिकचा कचरा कातरून टाकायचा. पॉलिथिन त्या उष्णतेत पाघळून खडीला लेप देतं आणि मग डांबर त्याला घट्ट धरतं. त्याच खडीवर पीव्हीसी पडलं तर काय होईल हे वर आलंच.

घरात पीव्हीसी सगळ्यात जास्त कुठे असतं? भिंतीतल्या वायरींवर. साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंत चालवायचं असतं. बारीक वायरीच्या एक्स्टेंशन बोर्डावर गीझर किंवा इस्त्री लावली आणि बोर्ड कोमट लागायला लागला, वास आला, तर तो या आकड्याकडे निघालेला असतो. जास्त भाराच्या केबलींवर पॉलिथिन असतं, ९० अंशांपर्यंत चालणारं. आता कुणी म्हणेल, पॉलिथिन तर ११० लाच पाघळतं, ते बरं कसं? तर त्या पॉलिथिनच्या साखळ्यांमध्ये मुद्दाम बंध पाडलेले असतात. शेवयांचा खरवस केलेला असतो म्हणा. एकच प्लास्टिक, पण पिशवीतलं वाहतं आणि केबलवरचं वाहत नाही.

तव्यावरच्या काळ्या थराची कथा आणखी निराळी. टेफ्लॉन १९३८ साली रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानंच लागलं. ते ३२७ अंशांना वितळतं, पण वाहत नाही. त्याच्या साखळ्या इतक्या लांब असतात की घड्या सुटल्यावरही गुंता हलत नाही. म्हणून त्याची वस्तू करायची तर पूड दाबून भाजावी लागते, जवळजवळ मातीच्या भांड्यासारखी. मात्र ३५० अंशांच्या पुढे ते मोडायला लागतं आणि विषारी धूर सोडतं. त्या धुरानं घरातले पोपट मेल्याची उदाहरणं आहेत. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर जातो. त्या दिवशी माझ्या हातून झालेली खरी चूक झाकणाची नव्हती, रिकामा नॉनस्टिक तवा आचेवर सोडून जाण्याची होती. हे मी घरात अजून बोललेलो नाही.

कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा ओट्यावरचा असा एकच जण, ज्याचं वितळणं हेच काम. त्यात ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. पाणी संपून कुकर कोरडा तापला की तो पाघळून वाफेला वाट देतो. धातू मिसळले की वितळणबिंदू खाली येतो, ही त्यातली मेख. शिसं ३२७ ला आणि कथील २३२ ला वितळतं, पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं यांचं डाख १८३ लाच. कल्हईवाला तर याच फरकांवर जगायचा. भात्यावर पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसानं फिरवायचं. २३२ अंशांना कथील पाण्यासारखं पसरतं. पितळ ९०० च्या पुढे वितळणारं, ते ढिम्म. कल्हईचं पातेलं रिकामं चुलीवर विसरलं की कल्हई कुठे जाते, हेही आता सांगायला नको.

पोलादाला प्लास्टिकइतका नाजूकपणा नाही, पण तेही वितळायची वाट पाहत नाही. ५५०-६०० अंशांना त्याची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते. आगीत इमारतींचे पोलादी सांगाडे वाकतात ते न वितळताच, आणि लोहार लाल विळ्यावर घण घालतो तेही.

कापूर राहिला. तो न वितळता उडून जातो म्हणून त्याचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण पहिलं यशस्वी साच्यात घालण्याजोगं प्लास्टिक, १८७० च्या सुमाराचं जॉन हायट यांचं सेल्युलॉइड, हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण होतं. पावसाळ्यात चिक्कीत पाणी जे करतं, ते तिथे कापूर करायचा. त्याच्याच सुरुवातीच्या सिनेमा फिती झाल्या. नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्याखालीही जळत राहू शकतं. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा गेला.

धारावीतल्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक वेगळं करणाऱ्या माणसांना हे सगळं कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. तुकडा आपटून आवाज ऐकायचा, वाकवून पाहायचा, अडलंच तर कडेला काडी लावून वास घ्यायचा. मेणबत्तीचा वास आला तर पॉलिथिन, नाकात झोंबलं तर पीव्हीसी, काजळी उडाली तर पॉलिस्टायरिन. बाटली पाण्यात बुडते, तिचं झाकण तरंगतं. वासाचा भाग घरी करून पाहू नका. ते लोकही पोटासाठीच फुप्फुसं पणाला लावतात.

आमच्या झाकणाचा वास मेणबत्तीचा होता, म्हणजे ते पॉलिथिनचं. मेणबत्तीचं मेणही त्याच घराण्यातलं, फक्त साखळ्या आखूड, वीस-चाळीस कार्बनच्या. म्हणून ते ६० अंशांच्या आसपासच पाघळतं.

हे सगळं मी सांगत होतो तेव्हा लेकीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ती तव्याकडे पाहत होती. पसरलेलं प्लास्टिक मघाशी पाण्यासारखं आरपार होतं, खालचा काळा तवा स्वच्छ दिसत होता. आता पातळ कडेनं एक दुधी रेघ उमटली, आणि बघता बघता ती रेघ आत आत सरकत गेली. थिजणाऱ्या तुपाला कडेनं साय धरावी तशी. घड्या पडत होत्या. शेवटी मध्यावरचा रुपयाएवढा पारदर्शक ठिपका तेवढा उरला, आणि तोही मिटला. मी उलथन्यानं टोकरलं तर सगळं एकसंध पापडासारखं सुटून हातात आलं.

"पुन्हा तापवलं तर पुन्हा दिसेनासं होईल?" तिनं विचारलं.

"होईल."

तिनं दाराकडे पाहिलं. आई भाजी घेऊन यायला अजून दहा मिनिटं होती.